वारसा इमारतीत एसी बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संरक्षित इमारतींत राहणारे, तिथे कार्यालय, ग्रंथालय किंवा संग्रहालय चालवणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. कायदे देशागणिक आणि कधी शहरागणिक बदलतात, त्यामुळे परवानगीबाबत अंतिम निर्णय तुमच्या भागातल्या वारसा समितीचा. दगड, चुना, लाकूड आणि पाणी मात्र सगळीकडे सारखंच वागतात, म्हणून उत्तरांत भर त्यांच्यावर आहे.

१. वारसा इमारतीत एसी बसवता येतो का, की सरसकट बंदीच असते?

बहुतेक ठिकाणी येतो. व्हॅटिकनच्या सिस्टीन चॅपेलमध्ये, मायकलअँजेलोच्या भित्तिचित्रांखाली, वातानुकूलन आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बसवलेली यंत्रणा गर्दीला पुरेना, म्हणून २०१४ मध्ये नवी बसवली. ती एका वेळी २,००० माणसांचा भार पेलेल अशा बेताने आखली आहे. तिथे होऊ शकतं, तर तुमच्या दिवाणखान्यातही होऊ शकतं. प्रश्न उरतो तो कसं करायचं याचा.

ऑस्ट्रेलियात १९७९ मध्ये स्वीकारलेल्या ‘बरा’ (Burra) नावाच्या वारसा जतनाच्या सनदेत याचं सूत्र आहे: गरजेपुरता बदल करा, पण शक्य तितका कमी करा. याला दुसरी अट जोडा. जे बसवाल ते उद्या काढता आलं पाहिजे आणि काढल्यावर इमारत होती तशी उरली पाहिजे. एसीचं आयुष्य १०-१५ वर्षांचं, भिंत कदाचित २०० वर्षांची. एका भिंतीने अशी कितीतरी यंत्रं बघायची असतात.

२. घर माझं, पैसे माझे. तरी परवानगी लागते?

इमारत कोणत्या यादीत आहे आणि तुम्ही कोणत्या देशात आहात, यावर ते ठरतं. इंग्लंडमध्ये यादीतल्या इमारतीचं संरक्षण आतबाहेर दोन्हीकडे लागू असतं. तिचं स्वरूप बदलणारं काम संमतीशिवाय करणं हा फौजदारी गुन्हा आहे. त्यामुळे आतल्या खोलीतल्या कोरीव लाकडी तक्तपोशीला भोक पाडणं ही तिथे किरकोळ बाब नाही. अमेरिकेत ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नाव असणं एवढ्यानेच खासगी मालकाचे हात बांधले जात नाहीत. बंधन येतं ते स्थानिक ऐतिहासिक परिसराच्या नियमांमुळे, किंवा तुम्ही वारसा नूतनीकरणाची २० टक्के संघीय करसवलत मागत असाल तर तिच्या अटींमुळे. भारतात प्राचीन स्मारकांबाबतच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार केंद्र-संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. शहरांच्या वारसा याद्या आणि त्यांच्या श्रेणी याहून वेगळ्या.

काम ठरवण्याआधी आपली इमारत कोणत्या यादीत, कोणत्या श्रेणीत आहे आणि संरक्षण फक्त दर्शनी भागाला आहे की अंतर्भागालाही, हे लेखी विचारून घ्या. एसी विकणाऱ्याच्या ‘परवानगीचं आम्ही बघतो’ या आश्वासनावर विसंबू नका. नोटीस येते ती मालकाच्या नावाने.

३. आमची इमारत यादीत नाही, फक्त परिसर संरक्षित आहे. मग?

अशा ठिकाणी सहसा रस्त्यावरून काय दिसतं यालाच महत्त्व असतं. आतल्या कामाला मोकळीक मिळते. आउटडोअर युनिट, पाइप आणि जाळ्या मात्र तपासल्या जातात. युनिट कुठे ठेवावं ते प्रश्न ८ मध्ये आहे.

४. अर्जासोबत काय जोडलं की फेऱ्या कमी होतात?

भिंतींच्या खऱ्या मापांचे नकाशे, प्रत्येक भोकाची आणि प्रत्येक ब्रॅकेटची जागा, आजच्या स्थितीचे फोटो, हीट लोडचा (एसीला किती उष्णता बाहेर काढावी लागेल त्याचा) हिशेब, पाण्याचा निचरा कुठे जाणार त्याची रेघ, आणि एसी उद्या काढला तर भिंत कशी पूर्ववत करणार याचा एक परिच्छेद. शेवटचा परिच्छेद बहुतेक अर्जांत नसतो आणि समितीला नेमका तोच वाचायचा असतो. दुसऱ्या कोणत्या जागा पाहिल्या आणि त्या का सोडल्या, हेही लिहा. रस्त्यावरून युनिट दिसेल का, असा वाद असेल तर त्याच मापाचा पुठ्ठ्याचा खोका जागेवर ठेवून रस्त्यावरून फोटो काढा. कितीही रंगीत चित्रांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

५. थंड हवेने जुन्या भिंतीला नेमकं काय होतं?

थंडीने थेट फारसं काही होत नाही. होतं ते ओलाव्याच्या हालचालीने.

चुन्यात बांधलेली दगड-विटांची भिंत ओलावा शोषते आणि सोडते. बाहेर ३२ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर त्या हवेचा दवबिंदू जवळपास २६ अंश असतो. म्हणजे २६ च्या खाली गेलेल्या कोणत्याही पृष्ठभागाला ती हवा लागली की तिथे पाणी सुटणार, थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम येतो तसं. आता खोली २० अंशांवर ठेवलीत आणि भिंतीच्या आतल्या बाजूला प्लास्टिक पेंट किंवा विनाइलचा वॉलपेपर असेल, तर बाहेरून आत येणारी वाफ त्या थराच्या मागे अडकते. वरून भिंत चकचकीत दिसते, आत गिलावा भुसभुशीत होत असतो. बोटाने ठोकून पाहा, पोकळ आवाज येईल.

दुसरा शत्रू क्षार. जुन्या भिंतीत मीठ असतंच. जमिनीतून चढलेलं, समुद्राच्या वाऱ्याने आणलेलं, कधी जुन्या वापरातून मुरलेलं. साधं मीठ आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून विरघळतं आणि खाली आली की पुन्हा स्फटिक होतं. दर स्फटिकागणिक ते दगडाच्या छिद्रांवर आतून दाब देतं. एसी सुरू झाला की हवा कोरडी, बंद केला की दमट, असं रोज चाललं की लोणा लागायचा वेग वाढतो. आधी भिंतीवर पांढरी भुकटी, मग रंगाचे पोपडे, मग दगडाचाच पापुद्रा.

लाकडाचं असंच. आर्द्रता घटली की लाकूड त्याच्या रेषांना आडव्या दिशेने आकसतं. जुन्या दारांचे सांधे उघडतात, फळ्यांना चिरा जातात, जडावाचं काम सुटतं. इनडोअर युनिटचा झोत थेट कोरीव दारावर किंवा जुन्या कपाटावर पडत असेल, तर बाकी सगळं नीट असूनही तेवढा भाग खराब होईल.

म्हणून भिंतीला सिमेंटचा गिलावा किंवा प्लास्टिक पेंट असेल, तर एसीआधी त्याकडे बघा. चुन्याचा गिलावा आणि चुन्याचा रंग वाफेला वाट देतात. छताची गळती आणि तुंबलेल्या पन्हळीही आधी दुरुस्त करून घ्या. ओल असलेल्या घरात एसी लावणं म्हणजे दुखण्यावर नवं दुखणं चढवणं.

६. एसी न लावता किंवा कमी लावून भागेल का?

अनेकदा निम्मं काम त्याशिवायच होतं. या इमारती यंत्र नसतानाच्या काळात हवेचा विचार करून बांधलेल्या आहेत. उंच छत, समोरासमोरच्या खिडक्या, वरचे झरोके, पडवी, आतला चौक, झडपा. बऱ्याच ठिकाणी झरोके रंगाने चिकटून बसलेले, चौकावर प्लास्टिकचं छप्पर आणि झडपा माळ्यावर टाकलेल्या आढळतात. ते सगळं आधी पुन्हा चालतं करा. रात्री हवा थंड आणि कोरडी असेल तर खिडक्या उघडून जाड भिंती गार होऊ द्या, सकाळी ऊन चढण्याआधी बंद करा. दमट हवेच्या ठिकाणी हा उपाय कमी चालतो, तिथे पंखाच खरा. पंखा असेल तर एसी दोन-तीन अंश वर ठेवूनही तितकाच आराम मिळतो, आणि प्रश्न ५ मधल्या सगळ्या धोक्यांवर हेच दोन-तीन अंश मोठा उतारा आहेत.

सगळी इमारत थंड करायचा हट्टही सोडा. झोपायच्या दोन खोल्या किंवा वाचनाची एक खोली पुरते. जिने, पडव्या, नक्षीदार दालनं तशीच राहू द्या.

७. विंडो, स्प्लिट, व्हीआरएफ, डक्ट: कोणतं घ्यावं?

विंडो एसी शक्यतो नको. मूळ तावदान काढावं लागतं, वजन जुन्या चौकटीवर येतं आणि ठिबकणारं पाणी थेट दर्शनी भिंतीवर उतरतं.

एक-दोन खोल्यांसाठी स्प्लिट ठीक. भिंतीवर उंच लावायच्या युनिटपेक्षा जमिनीलगत ठेवायचं युनिट जुन्या खोलीत जास्त शोभतं आणि गिलाव्यात अँकर कमी लागतात. खोल्या पाच-सहाच्या पुढे गेल्या की प्रत्येकीला वेगळं आउटडोअर युनिट लावून मागची भिंत भरून टाकू नका. तिथे व्हीआरएफ, म्हणजे एका बाहेरच्या युनिटवर अनेक आतली युनिटं, बरं पडतं. त्यात सगळा गॅस एकाच जाळ्यात असतो, हे लक्षात ठेवा. लहान बंद खोलीत गळती झाली तर किती गॅस साचेल याचा हिशेब डिझायनरकडून मागून घ्या. आर-३२ हा हल्ली सर्रास वापरला जाणारा गॅस सौम्य का होईना, ज्वलनशील आहे.

नळ्यांतून थंड पाणी फिरवून खोल्या गार करणारी यंत्रणा मोठ्या इमारतींना सोयीची असते, पण पाण्याने भरलेला पाइप रंगवलेल्या छतावरून नेऊ नये, एवढं पथ्य पाळा. डक्टच, म्हणजे थंड हवा वाहून नेणारे मार्ग, लागत असतील तर सुमारे ५० मिलिमीटर व्यासाच्या लवचीक नळ्यांची उच्च-वेगाची यंत्रणा मिळते. त्या नळ्या तुळयांमधून, पोकळ भिंतींतून जातात आणि खोलीत फक्त लहान गोल तोंड दिसतं. जिथे मोठे डक्ट बसतच नाहीत, तिथे मला हा सर्वांत सभ्य मार्ग वाटतो.

८. आउटडोअर युनिट कुठे ठेवावं?

जमिनीवर, मागच्या अंगणात, स्वतंत्र चबुतऱ्यावर ठेवणं सर्वांत चांगलं. भिंतीला भार नाही, कंप नाही, साफसफाई सोपी. ते जमत नसेल तर गच्चीवर, कठड्याच्या मागे, पण खालच्या लाकडी तुळयांना वजन झेपेल हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या आणि रबरी पॅड घाला. आतल्या बंदिस्त चौकात ठेवायचा मोह होतो. तिथे गरम हवा कोंडते, यंत्र दमतं, आणि ज्या चौकाने घर थंड राहायचं तोच भट्टी होतो.

भिंतीवर ब्रॅकेट हा शेवटचा पर्याय. लावलाच तर स्टेनलेस स्टीलचा आणि फास्टनर दगडांमधल्या दरजांत. साधं लोखंड गंजून फुगतं आणि दगडाला आतून तडा देतं. दर्शनी भिंतीवर मात्र नकोच. शोभेचा पिंजरा करून तो भिंतीच्या रंगात रंगवल्याने फारसं लपत नाही, उलट बंद पिंजऱ्यात युनिटला हवा मिळत नाही.

९. भोक पाडावंच लागलं तर?

आधी असलेल्या वाटा शोधा: बंद पडलेलं धुराडं, जुन्या वायरिंगची नळी, सेवेचा जिना, काढून टाकलेल्या पाइपचं बुजवलेलं भोक. वापरात नसलेलं धुराडं तर देणगीच. तळापासून गच्चीपर्यंत सलग उभी वाट. फक्त त्यात पाइप टाकताना वरचं तोंड पावसापासून झाका आणि थोडी हवा खेळती ठेवा.

नवीन भोक असेल तर दगडात नको, दरजेत हवं. पाइपाचा जुडगा जाण्यासाठी साधारण ६५ मिलिमीटर व्यास लागतो. दरज तेवढी रुंद नसेल तर एखादी साधी, बदलता येण्यासारखी वीट निवडा. घडीव दगड, कमान, कोपऱ्याचे दगड यांना हात लावायचा नाही. ड्रिल हॅमर मोडमध्ये, म्हणजे ठोके देत, चालवलं की पलीकडच्या बाजूचा गिलावा थाळीएवढा उडतो. फिरत्या कोअर कटरने, हळू, दोन्ही बाजूंनी आणि बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन काम करा. भोकात बाही, म्हणजे नळीचा तुकडा, घाला, कड चुन्याच्या मसाल्याने बुजवा. पॉलियुरेथेनचा फेस भरून मोकळं होणं ही सर्रास दिसणारी पद्धत आहे आणि ती इथे चालत नाही. तो फेस पुढे दगडाच्या छिद्रांतून निघत नाही.

१०. ड्रेनच्या पाण्याला एवढं महत्त्व का देता?

कारण दमट दिवसात दीड टनाचा एसी तासाला एक-दोन लिटर पाणी काढू शकतो. दिवसभरात ती बादली होते, आणि ती बादली रोज भिंतीच्या एकाच जागी ओतली जाते. असे डाग ओळखणं सोपं आहे: ड्रेनच्या टोकाखाली आधी हिरवट पट्टा, त्याच्या कडांना पांढरट झालर, आणि झालरीखाली नखाने खरवडलं तर वाळूसारखा सुटणारा दगड.

ड्रेनला दर मीटरला किमान एक सेंटिमीटर उतार हवा. पाइप पावसाच्या पन्हळीत किंवा सांडपाण्याच्या नळीत न्या. सांडपाण्यात सोडत असाल तर वास परत येऊ नये म्हणून ट्रॅप, म्हणजे पाणी साठून राहणारा नळीचा वाक, घाला. ड्रेनच्या पाइपालाही इन्शुलेशन हवं, नाहीतर तोच घाम गाळून छत भिजवतो. पंप लावूनच पाणी चढवावं लागत असेल, तर पाणी भरलं की एसी आपोआप बंद करणारा स्विच सक्तीचा समजा. लाकडी किंवा रंगवलेल्या छताच्या वर इनडोअर युनिट असेल तर त्याखाली दुसरा ट्रे आणि त्या ट्रेचा वेगळा ड्रेन.

११. किती टनाचा एसी लागेल?

‘इतक्या फुटांना एक टन’ हा हिशेब इथे फसतो. एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू (उष्णतेचं एकक), साधारण ३.५ किलोवॉट. जाड भिंत उन्हाचा तडाखा कित्येक तास उशिरा आत सोडते, त्यामुळे दुपारचा भार अंदाजापेक्षा कमी येतो. उंच छतामुळे आकारमान मोठं असतं, पण थंड ठेवायची असते ती माणसांच्या उंचीची हवा.

गरजेपेक्षा मोठा एसी घेऊ नका. तो खोली पटकन गार करून बंद पडतो आणि हवेतला ओलावा काढायला त्याला वेळच मिळत नाही. खोली गार पण दमट राहते, आणि बुरशीला तेच हवं असतं. इन्व्हर्टर एसी मंद गतीने सलग चालतं, म्हणून इथे तेच घ्यावं.

१२. फॉल्स सीलिंग करून सगळं झाकलं तर?

साध्या, आधीच बदललेल्या मागच्या खोलीत चालेल. नक्षीच्या किंवा उघड्या तुळयांच्या छताखाली नको. खोलीचं प्रमाण बिघडतं, खिडक्यांच्या कमानी कापल्या जातात, आणि वरची गळती किंवा वाळवी कळते तेव्हा उशीर झालेला असतो. मार्गिकेपुरतं छत खाली घेऊन तिथून खोल्यांना हवा देणं हा मधला मार्ग.

१३. कॉपर पाइप जोडताना ज्योत वापरतात. धोका कितपत?

खूप. इंग्लंडमधला अपपार्क हा १७ व्या शतकातला वाडा १९८९ मध्ये जळाला तो दुरुस्तीच सुरू असताना, छताच्या शिशाच्या कामातल्या ज्योतीने. काम संपत आलं होतं. जुन्या छताच्या पोकळीत शतकभराची धूळ, पक्ष्यांची घरटी, कोरडं लाकूड असतं. ठिणगी आत जाते आणि माणसं घरी गेल्यावर धुमसते.

दाबून बसवायचे सांधे मिळतात, त्यांना ज्योत लागत नाही. तेच मागा. ब्रेझिंग, म्हणजे ज्योतीने धातू वितळवून सांधणं, अटळ असेल तर पाइपाचे तुकडे बाहेर मोकळ्यावर जोडून आत आणा. आत करायचंच असेल तर अग्निशामक हाताशी ठेवा, दुपारनंतर ज्योत पेटवू नका, आणि काम थांबल्यावर किमान तासभर कुणीतरी तिथे थांबून पाहत राहावं. वायरिंगही आधी तपासून घ्या. कापडी वेष्टणाच्या जुन्या तारांवर एसीचा भार टाकणं म्हणजे आगीला आमंत्रण.

१४. ग्रंथ, चित्रं, भित्तिचित्रं असतील तर किती तापमान ठेवावं?

पूर्वी २० अंश आणि ५० टक्के आर्द्रता असा एक ताठर आकडा जगभर पाळला जायचा. २०१४ मध्ये संवर्धकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी मान्य केलेली चौकट सैल आहे: बहुतेक वस्तूंसाठी १६ ते २५ अंश, आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान, आणि २४ तासांत आर्द्रतेतला चढउतार १० टक्क्यांहून जास्त नाही. नाजूक वस्तूंना याहून कडक नियम लागतात. आकडा गाठण्यापेक्षा तो स्थिर ठेवणं महत्त्वाचं.

भित्तिचित्रांचा निर्णय एकट्या एसीवाल्याने घेऊच नये. फ्रान्समधली लास्को गुहा १९६३ मध्ये प्रेक्षकांसाठी बंद झाली, कारण त्यांच्या श्वासानेच चित्रं बिघडू लागली होती. पुढे तिथली हवेची यंत्रणा बदलली आणि त्या पाठोपाठ २००१ मध्ये पांढरी बुरशी पसरली. यंत्र आणण्याआधी निदान वर्षभर तापमान-आर्द्रतेची नोंद ठेवा. त्या नोंदीत पुष्कळदा दिसतं की जागा आपली आपण बरीच स्थिर आहे आणि खोलीपेक्षा एखादी बंद काचपेटी पुरेशी आहे.

१५. सभागृह फक्त कार्यक्रमापुरतं थंड करतो. त्यात काय बिघडतं?

जुन्या लाकडाला आणि गिलाव्याला हाच वापर सर्वांत जास्त झोंबतो. माणसं श्वासातून आणि घामातून ओलावा आणतात, एसी तो खेचतो, मग दारं बंद होतात आणि आर्द्रता उसळते. कार्यक्रमाच्या दोन-तीन तास आधी हळूहळू सुरुवात करा, २५-२६ अंशांच्या खाली जाऊ नका, संपल्यावर लगेच बंद न करता पंखे चालू ठेवा. कारण प्रश्न ५ मध्ये.

१६. आधीच्या मालकाने विनापरवानगी एसी लावला होता. आता जबाबदार कोण?

अनेक कायद्यांत जबाबदारी इमारतीबरोबर नव्या मालकाकडे येते. इंग्लंडमध्ये यादीतल्या इमारतींबाबत अशा कारवाईला कालमर्यादाही नाही. खरेदीआधी परवानग्यांची फाइल मागा. घेतल्यावर लक्षात आलं तर लपवू नका. सध्याचे फोटो आणि सुधारणेचा आराखडा घेऊन स्वतःहून समितीकडे जा. काढताना ब्रॅकेट ओढून उपटायचे नाहीत. बोल्ट कापा, दगडातला तुकडा संवर्धन कारागिराकडून काढून घ्या, भोकं चुन्याच्या मसाल्याने बुजवा.

१७. जुना एसी बंद पडला. त्याच जागी तसाच नवा लावायलाही परवानगी हवी का?

काही ठिकाणी ती दुरुस्ती मानतात, काही ठिकाणी नाही. शिवाय ‘तसाच’ बहुधा मिळत नाही. नवं युनिट मोठं असतं, गॅस बदललेला असतो, त्यामुळे जुने पाइपही कित्येकदा बदलावे लागतात. एक पत्र टाकून विचारा.

१८. घरात आजारी माणूस आहे, परवानगीला थांबता येत नाही.

थांबू नका. चाकांवरचा पोर्टेबल एसी आणा. तो इमारतीला चिकटत नाही, म्हणून सहसा परवानगीच्या कक्षेत येत नाही. गरम हवेची नळी बाहेर काढायला तावदान तोडू नका. उघड्या झडपेत बसेल अशी लाकडी फळी कापून तिला भोक पाडा. आवाज जास्त आणि वीजही जास्त लागते, पण निकड भागते. वैद्यकीय कारण कायमच्या अर्जातही लिहा, समित्या ते गांभीर्याने घेतात.

१९. इमारतीत जुन्या काळची हवेची यंत्रणाच सापडली. ती काढायची का?

आधी थांबा, तीही वारसा असू शकते. लंडनच्या संसद भवनाचा मधला मनोरा १९ व्या शतकात मुळात हवा खेचण्यासाठीच उभारला गेला. अमेरिकेत सॅन अँटोनियोची मिलाम बिल्डिंग १९२८ मध्ये उघडली तीच पूर्ण वातानुकूलित उंच कार्यालय म्हणून, आणि आज तिची ओळख त्या यंत्रणेमुळेच आहे.

बिडाच्या जाळ्या, पितळी नियंत्रक, विटांचे हवामार्ग यांची नोंद करा, फोटो काढा. बऱ्याचदा जुन्याच मार्गांतून नवी हवा नेता येते आणि एकही नवीन भोक लागत नाही. एक सावधगिरी: २० व्या शतकातल्या डक्टांवर आणि पाइपांवर राखाडी, कापसासारखं वेष्टण दिसलं तर ते अॅस्बेस्टॉस असू शकतं. हात लावू नका, झाडू फिरवू नका, खोली बंद करा आणि प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत मेकॅनिकला आत सोडू नका.